याला गेन नाही म्हणे!

"काका, अ‍ॅम्प दिसायला भारी आहे, पण याला गेन नाही."

हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने गिटारची वायर सोडवायला घेतली की मला ते आधीच ऐकू येतं. बोलणारा बहुधा विशी-बाविशीतला असतो, कधीमधी चाळिशीतला आयटीवालाही निघतो. जॅमरूममध्ये तो सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो. ड्रमर खाली पार्किंग शोधत असतो, बासवाला वाटेत वडापाव खात असतो. खोली रिकामी. हा माझ्या अ‍ॅम्पला गिटार जोडतो, रिकाम्या खोलीत कानाला त्रास नको म्हणून व्हॉल्यूम दोनवर ठेवतो, तळहाताने तारा दाबून थोडं झुक-झुक करतो, चेहरा पाडतो आणि पाच मिनिटांत निकाल देतो. गेन नाही. आवाज बारीक. बास नाही.

गंमत म्हणजे पहिला आरोप अक्षरशः खरा आहे. माझ्या अ‍ॅम्पवर गेन नावाचा नॉबच नाही. दोन व्हॉल्यूम, मग ट्रेबल, मिडल, बास आणि प्रेझेन्स, संपलं. १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश आराखड्यावरून तो एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने मला हाताने जोडून दिला. आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. ट्यूब हा शब्द त्याच्या तोंडी कधी आला नाही, व्हॉल्व्हच म्हणायचा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारून कुठला खणखणतोय ते ऐकायचा. आत साडेचारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी कपॅसिटर ते धरून ठेवतात, म्हणून उघड्या अ‍ॅम्पमध्ये काम करताना डावा हात खिशात घालायचा आणि मलाही घालायला लावायचा. पुढच्या बाजूला तीन ईसीसी८३, मागे दोन ईएल३४. त्याला गेनबद्दल विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "आवाज वाढव की."

आणि तेच उत्तर आहे. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नाही, म्हणून जरा सविस्तर भांडतो.

या मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं. चांगला ट्यूब अ‍ॅम्प तो, जो एकट्याने खोली भरून टाकतो. खालचा सूर पोटात जाणवला पाहिजे, वरचा काचेसारखा चमकला पाहिजे, मधला नसला तरी चालेल. गेन इतका हवा की तार छेडून चहा प्यायला गेलं तरी परत येईपर्यंत सूर चालू असला पाहिजे. वॅट शंभर हवेत, कारण पन्नास म्हणजे निम्मा आवाज. आणि हे सगळं तपासायचं कुठे? दुकानात, नाहीतर घरी, दार लावून, एकट्याने.

यातली एकही गोष्ट मला मान्य नाही, आणि शेवटची तर मुळीच नाही, कारण बाकीच्या सगळ्या चुका तिच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

बँड म्हणजे गर्दी. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झला बोलते. बास गिटारची खालची तार ४१ ला. किक ड्रमचा धक्का याच खालच्या मजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर सिंबल आणि हायहॅट यांचा पत्रा सतत सळसळत असतो, आणि गिटारचा स्पीकर तर पाच हजार हर्ट्झच्या पुढे जवळजवळ काही देतच नाही. मग गिटारला जागा उरली कुठे? मधे. गायकाच्या शेजारी, थोडं अंग चोरून, पण मधेच. आता आपला परीक्षक काय करतो? बास दहावर नेतो, म्हणजे बासवाल्याच्या घरात घुसतो. ट्रेबल दहावर नेतो, म्हणजे सिंबलच्या घरात. मिडल शून्यावर आणतो, म्हणजे स्वतःचं घर रिकामं करतो. सगळं सामान दोन्ही शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं आणि मग मीच का दिसत नाही म्हणून विचारायचं!

पुणेकराला तर हे समजावून सांगावंच लागू नये. विसर्जनाच्या दिवशी पथक समोर आलं की शंभर ढोल छातीत घुमतात. पण पथक हाकतं कोण? ताशा. इतक्या गडगडाटातून ताशाची तर्री सुटी, स्वच्छ ऐकू येते, कारण ती जिथे वाजते तिथे ढोल नसतो. तोच ताशा घरी आणून दिवाणखान्यात एकटा वाजवून बघा. कोरडा, कर्कश, नुसता पत्रा. पण म्हणून कुठला ताशेवाला दुकानात जाऊन म्हणतो का, की शेठ, ताशा चांगला आहे पण याला बास नाही? गिटारवाल्यांना मात्र हे म्हणताना काही वाटत नाही. प्रत्येकाला ढोलच व्हायचंय, आणि वर सोलोही ऐकू आला पाहिजे.

बरं, कानाचीही एक खोड आहे, आणि ती काल लागलेला शोध नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते आपोआप पुढे येतात. म्हणजे रात्री अकरा वाजता, शेजारच्या जोशीकाकू उठू नयेत अशा बेताने जो टोन तुम्ही लावलात, त्यात बास आणि ट्रेबल तुम्ही कानाची उणीव भरायला ओतलेलं असतं. तीच बटणं तशीच ठेवून ड्रमच्या शेजारी आवाज चढवला की ती उणीव उरत नाही, ओतलेलं मात्र उरतं. खाली चिखल, वर टाचण्या. मग हाच माणूस म्हणतो, "घरी तर मस्त वाजत होता, इथल्या खोलीतच काहीतरी गडबड आहे." खोली बिचारी.

यावर एक शहाणा उपाय सांगितला जातो: सगळे नॉब मधोमध ठेवा, बाराच्या काट्यावर, म्हणजे अ‍ॅम्पचा खरा, निर्मळ आवाज कळेल. हाही भ्रमच. फेंडर आणि मार्शल घराण्यातल्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेबल-मिडल-बासचं जे सर्किट असतं, ते मधोमध ठेवलं तरी मधल्या सुरांमध्ये खड्डा पाडतंच. त्याच्यातून सपाट म्हणावा असा आवाज काढायचा तर बास आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर न्यावे लागतात आणि मिडल दहावर. हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. बघू देत. नॉबवरचा आकडा म्हणजे काही परीक्षेतले मार्क नाहीत की दहापैकी पाच पडले म्हणजे मध्यम बुद्धीचा विद्यार्थी. मिडल आठवर असणं हा गुन्हा नाही.

आणि त्या पोटात जाणाऱ्या बासचं पुढे काय होतं, तेही सांगतो. कार्यक्रमाला तुमच्या स्पीकरपुढे एक माइक लागतो, बहुतेक वेळा एसएम५७, शुअर कंपनीचा, १९६५ पासून चालत आलेला. त्याची वायर मिक्सरला जाते. साउंडवाला तुमच्याकडे बघतही नाही. पहिलं काम म्हणून एक बटण दाबतो आणि शंभर हर्ट्झच्या आसपासचं, त्याखालचं सगळं कापून टाकतो. चार स्पीकरचं केबिनेट, तीन माणसांनी जिन्यावरून चढवलेलं, ज्या घुमण्यासाठी घेतलं ते घुमणं एका बोटाने संपतं. त्याला दोष देऊ नका. बासवाल्याच्या जागेचं तो रक्षण करतोय.

तुम्ही स्वतः स्टेजवर काय ऐकता, तो आणखी एक विनोद. गिटारच्या स्पीकरमधले वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर, झोत तुमच्या गुडघ्यांवर. गुडघ्यांना कान नसल्यामुळे तुम्ही ट्रेबल वाढवत राहता आणि पहिल्या रांगेतला माणूस कानात बोटं घालतो. जुन्या मोठ्या फेंडर अ‍ॅम्पना बाजूला अ‍ॅम्प मागे कलता ठेवायचे पाय असतात, ते शोभेचे नव्हेत.

आता गेन. मुख्य देव.

गेन वाढवला की नेमकं काय होतं? सिग्नल ट्यूबच्या मर्यादेला जाऊन आपटतो आणि त्याची शिखरं सपाट होतात. मोठा आवाज छाटला जातो, लहान आवाज वर येतो. एकट्याने ऐकताना हे स्वर्गीय वाटतं, कारण सगळंच मोठं वाटतं: बोटांची घसरण, तारेचा श्वास, अगदी मागची गुणगुणसुद्धा. पण तार छेडली जाते त्या क्षणाचा जो टोकदार ठोका असतो, तोही त्या शिखरातच होता, तोही छाटला गेला. आणि गर्दीत सूर कुठून सुरू झाला हे कानाला सांगणारी खूण तीच होती. शंभर माणसांच्या बाजारात तुम्ही एका दमात, एकसारखं, न थांबता ‘आऽऽऽऽ’ ओरडत राहिलात, तर पाच सेकंदांनी कोणाचं लक्ष राहत नाही. भाजीवाली तसं करत नाही. ती शब्द तोडून, झटक्याने हाक मारते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, अपमानातून शिकलो. कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या बँडने वाजवलं होतं, आणि कोणीतरी मागे बसून कॅसेटवर ते टेप केलं होतं. उसन्या अ‍ॅम्पवर माझा गेन दहावर होता. माझ्या पायाशी तो आवाज म्हणजे विमान उतरत होतं. घरी कॅसेट लावली. गाणं आहे, बास आहे, ड्रम आहे, गायकाचं चुकलेलं कडवंही आहे. माझ्या सोलोच्या जागी एक दूरचा घरघराट, जसा शेजारच्या इमारतीत मिक्सर चालू असावा, आणि त्यावर टेप करणाऱ्याच्या बाजूला बसलेल्या कुणाचा तरी स्वच्छ आवाज: "गिटार बंद पडली काय रे?" त्या अनोळखी माणसाला ऐकू येण्याइतका मिडल होता, मला नव्हता.

आणखी एक. गेन खूप असला की दोन सूर एकत्र वाजवताना त्यांच्या वजाबाकीचे आणि बेरजेचे नवे सूर जन्माला येतात. षड्ज आणि पंचम घ्या, म्हणजे पॉवर कॉर्ड: ११० आणि सुमारे १६५ हर्ट्झ. वजाबाकी ५५, म्हणजे तोच षड्ज, एक सप्तक खाली. म्हणून पॉवर कॉर्ड भरदार लागतो. फुकटात खालचा सा मिळतो. आता त्यात गांधार घाला. शुद्ध गांधार १३७.५ वर हवा, वजाबाकी २७.५, पुन्हा सा. पण गिटारच्या पट्ट्या हार्मोनियमसारख्याच समान मापाने कापलेल्या, तिचा गांधार १३८.६ वर, चढा. वजाबाकी २८.६. ना सा, ना आणखी काही. नुसती खाली घसटणारी खरखर. आपल्याकडे हार्मोनियमच्या गांधारावरून दिग्गज एकमेकांशी भांडले, आणि इथे तोच गांधार दहा गेनमध्ये तळून काढायचा आणि म्हणायचं, "हेवी वाटतंय." हेवी नाही, ते बेसूर आहे. गेन चारवर आणा, त्याच कॉर्डमधले तिन्ही सूर वेगवेगळे उभे राहतात.

"पण मग रॉकचा आवाज कसा येणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. जसा आला तसा. जिम मार्शल नावाचा माणूस स्वतः ड्रमर, ड्रमचा शिक्षक. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला त्याचं दुकान. ड्रमर यायचे, त्यांच्यामागून गिटारवाले यायचे आणि मोठ्या, दणकट अ‍ॅम्पची मागणी करायचे. १९६२ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी अमेरिकेतल्या फेंडर बासमनचा आराखडा समोर ठेवून अ‍ॅम्प बनवला. बासमन! बाससाठी काढलेला अ‍ॅम्प. पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ व्हॉल्व्हच्या जागी जास्त जोरकस ईसीसी८३, आणि बंद पेटीत सेलेस्टियनचे स्पीकर, एवढ्यावर जेटीएम४५ उभा राहिला. गेनचा नॉब नाही. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनने याच जातीच्या मार्शल कॉम्बोवर जे वाजवलं, त्यावर पुढच्या दोन पिढ्या पोसल्या. त्या रेकॉर्डिंगला क्लॅप्टनने स्टुडिओतही आवाज स्टेजइतकाच ठेवला, कमी करायला नकार दिला. कारण आवाज कमी केला की गेन जातो, हे त्याला कळत होतं. माझ्या जॅमरूममधल्या परीक्षकाने तोच अ‍ॅम्प दोनवर ठेवून वाजवला असता आणि म्हणाला असता, "एरिकदादा, याला गेन नाही."

वेगळा गेन, वेगळा मास्टर व्हॉल्यूम ही भानगड आली ती सत्तरच्या दशकात. मार्शलने १९७५ मध्ये दिली, कॅलिफोर्नियात मेसा बूगीने त्याआधी. कशासाठी? आवाज न वाढवता ट्यूब फोडता यावी म्हणून. म्हणजे मुळात ही शेजाऱ्यांसाठी, छोट्या हॉलसाठी केलेली सोय. सोय चांगली आहे, मीही वापरली आहे. पण पुढे झालं असं की सोयीचीच कसोटी झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजून वरणाची चव ठरवायला लागलो आपण.

आणि ज्यांच्या नावाने हा गेन मागितला जातो, त्यांना तरी नीट ऐका. एसी/डीसीचा १९८० चा ‘बॅक इन ब्लॅक’ लावा आणि माल्कम यंगची गिटार शोधा. जाड तारा, उजव्या हाताचा जोर आणि गेन इतका कमी की घरी बसून लावला तर पोरं म्हणतील हा तर क्लीन आहे. त्या बँडची भिंत तो होता. धाकटा भाऊ अँगस त्या भिंतीवर चित्रं काढायचा. मेटलवाल्यांना मी एवढीच सूट देतो की त्यांना गेन लागतो. तो लागतोच, तळहाताने दाबून वाजवलेल्या त्या वेगवान ठोक्यांना आवळलेपणा त्यातूनच येतो. पण तिथेही स्टुडिओत एकच गोष्ट दोनदा, चारदा वाजवून एकावर एक रचतात, आणि प्रत्येक थरावरचा गेन तुमच्या बेडरूमपेक्षा कमी असतो. खालचा गडगडाट बास गिटारचा असतो. तो तुम्ही गिटारच्या खात्यावर जमा करता आणि मग तसा अ‍ॅम्प शोधत दुकानं पालथी घालता.

वॅटचा हिशेब तर शाळकरी आहे, तरी सांगतो. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. ऐकायला दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॅट. पंधरा वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा शंभर वॅटचा अ‍ॅम्प दुप्पटही मोठा नाही. फरक आठ डेसिबलच्या आसपास. उलट स्पीकर बदला. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक एका वॅटला, एका मीटरवर ९८ डेसिबल देतो, व्हिंटेज ३० देतो १००. हे दोन डेसिबल अ‍ॅम्पमधून मिळवायचे तर वॅट दीडपटीहून जास्त करावे लागतील. स्पीकरच्या माहितीपत्रकातला हा आकडा मात्र कोणी वाचत नाही. नील यंग १९५९ च्या फेंडर डीलक्सवर, म्हणजे पंधराएक वॅटवर, आयुष्यभर मोठमोठी मैदानं गाजवत आलाय. पुढे माइक असतो की! शंभर वॅटचा मार्शल १९६५ मध्ये पीट टाउन्सेंड आणि जॉन एन्टविसल यांनी मागितला तेव्हा हॉलच्या साउंडमधून जेमतेम गायकाचा आवाज जायचा; गिटारला स्वतःच्या बळावर मागच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. ती लढाई संपून पन्नास वर्षं झाली. आपण अजून तोफ पुसतोय.

वॅटचा खरा अर्थ वेगळाच आहे. अ‍ॅम्प किती मोठा वाजेल यापेक्षा तो कुठल्या आवाजाला फुटायला लागेल, हे वॅट सांगतात. तुमचा ड्रमर ज्या जोराने वाजवतो, त्या जोराला तुमचा अ‍ॅम्प नेमका काठावर यायला हवा: हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर गुरगुरणारा. ड्रमर ब्रशवाला असेल तर पंधरा वॅट, हातोडेवाला असेल तर पन्नास. फुटणाराच नको, काचेसारखा क्लीन हवा, तर मात्र शंभर घ्या, वाद नाही. पण म्हणजे अ‍ॅम्पचे वॅट ठरवायला ड्रमर लागतो! दुकानात ड्रमर होता का?

"ट्यूबचे वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठे असतात" असं छातीठोक सांगणारेही भेटतात. वॅट तो वॅट. विजेला जात नसते. फरक इतकाच की ट्यूब अ‍ॅम्प लिहिलेल्या वॅटच्या पुढे गेला तरी ऐकवतो, म्हणून आपण त्याला पुढे नेतो. आणि पूर्ण फुटलेला सिग्नल कागदावरच्या स्वच्छ वॅटच्या जवळजवळ दुप्पट शक्ती स्पीकरवर टाकू शकतो. यात जादू नाही. ‘वॉर्म’ वगैरे शब्द तर मी ऐकूनच घेत नाही. वॉर्म काय, तो पेटीवर ठेवलेला चहासुद्धा गरम ठेवतो. ईएल८४ नावाचा असाच एक व्हॉल्व्ह एकेकाळी आजोबांच्या रेडिओत बातम्या वाचायचा, तेव्हा कोणी डोळे मिटून ‘काय टोन आहे’ म्हणत नव्हतं.

मग अ‍ॅम्प पारखायचा कसा? ड्रम आणि बास सुरू असताना. दुसरी परीक्षा मला माहीत नाही. आवाज बँडचा ठेवा, तुमचा नव्हे. गाणं चालू असताना गिटारचा व्हॉल्यूम चारवर आणा: अ‍ॅम्प निवळतो का, की नुसताच लहान होतो? पुन्हा दहावर न्या: फुटताना तुमच्या हाताचा जोर कळतो का? खालच्या तारेवर ठोका मारा. तो ठोका म्हणून लागतो की फटकन बसलेल्या उशीसारखा पसरतो? तीन सुरांचा कॉर्ड धरा. बासवाला खाली चालत असताना त्यातला मधला सूर मोजता येतो का? आणि मग गिटारची लांब वायर घेऊन स्पीकरसमोर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जा. तिथे अ‍ॅम्प जरा कोरडा, जरा उद्धट, मिडलने भरलेला वाटला, तर घ्या. तो एकट्याने ऐकायला सुंदर वाटत नसेल तर फारच उत्तम. एकट्याने सुंदर वाटणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल मला आधी संशय येतो.

घरी, स्वतःसाठी, दार लावून वाजवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी मिडल शून्यावर न्यावा, गेन अकरावर न्यावा, प्रोसेसरमध्ये तीन अ‍ॅम्प एकावर एक चढवावेत. जोशीकाकूंची हरकत नसेल तर माझीही नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या खोलीतून बँडच्या अ‍ॅम्पवर निकाल देऊ नका. पोहायला येतं की नाही हे बादलीत ठरत नाही.

माझा अ‍ॅम्प जॅमरूमच्या कोपऱ्यात उभा आहे. डावीकडच्या व्हॉल्यूमवर, साडेपाचच्या समोर, मुलीच्या नेलपेंटचा एक लाल ठिपका दिलाय. ड्रमर बसला, त्याने चार मोजले, की नॉब तिथे जातो आणि मग याला गेन आहे की नाही हे सगळ्या मजल्याला कळतं. ज्याला शंका असेल त्याने यावं, जरूर यावं. फक्त ड्रमरला घेऊन यावं. त्याला पार्किंग मिळेपर्यंत मी थांबतो.